ढीग उपसण्याचा प्रकल्प: नोंदी

४ जानेवारी

आज मोजले. स्टीम आणि एपिक ही ऑनलाइन दुकानं आणि कन्सोल अशा तीन ठिकाणी विखुरलेले सगळे व्हिडिओ गेम एका शीटमध्ये उतरवायला दोन तास गेले. एकूण २१४. कधीच न उघडलेले ९७, सुरू करून सोडलेले ७१, शेवटापर्यंत नेलेले ३८ आणि मुळात शेवटच नसलेले ८.

९७ बघून आधी धस्स झालं. मग कळलं की त्यातले ५९ फुकटचे आहेत. एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, तेव्हापासून तिथे फुकट गेम वाटायची पद्धत आहे. गुरुवारी बटण दाबायचं, गेम आपला झाला म्हणायचं आणि विसरून जायचं. फुकट ते पौष्टिक. यातल्या निम्म्यांची नावं वाचून मला चित्रसुद्धा डोळ्यांसमोर येत नाही.

शेवट नसलेले ८ लगेच शीटमधून काढले. सिव्हिलायझेशन ६ 'संपवणार' म्हणजे काय करणार? स्टारड्यू व्हॅलीत तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन तुमच्या शेतीचा हिशोब मांडतात, त्याला कुणी शेवट म्हणेल. पण माझा धाकटा भाऊ ती भेट उरकून पुढे कित्येक वर्षं शेती करतोय. त्याच्या शीटमध्ये एकच ओळ असेल.

६ जानेवारी

तास काढले. हाऊ लाँग टू बीट या साइटवर खेळाडूंनी स्वतः नोंदवलेल्या वेळांची सरासरी मिळते. २००७ चा पोर्टल तीनेक तासांत होतो. २०१५ चा विचर ३ नुसत्या मुख्य कथेला पन्नासेक तास खातो, सगळं करायचं तर दीडशेच्याही वर. पर्सोना ५ रॉयल शंभराच्या आसपास.

उरलेल्या १६८ गेमची बेरीज २,३५० तास. मी आठवड्याला सरासरी सात तास खेळते. म्हणजे आजपासून एकही नवा गेम घेतला नाही तरी जवळजवळ साडेसहा वर्षं. त्यातले ७०० तास एकट्या दहा गेमचे आहेत. नगांचा ढीग आणि तासांचा ढीग हे दोन वेगळे ढीग आहेत, हे आज कळलं.

१० जानेवारी

चार संध्याकाळी शीटला रंग भरण्यात गेल्या. प्रकार, वर्ष, तास, मूड (हो, मूड), प्राधान्य १ ते ५. खेळले शून्य मिनिटं.

मूडचा रकाना उडवला.

११ जानेवारी

ऑफिसात कामांच्या फळ्यावर आम्ही कानबानची मर्यादा पाळतो: एका वेळी ठरावीकच कामं हातात, एक संपल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. घरी लावून बघते. मर्यादा तीन. एक लांब, एक लहान आणि एक 'डोकं चालत नसताना' खेळायचा.

यामागे रांगांच्या शास्त्रातला लिटलचा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेत सरासरी किती जण आहेत, तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा सरासरी काळ. माझे आकडे घालून पाहिले. गेल्या वर्षी मी ५ गेम संपवले. सुरू केलेले ७१ तेवढेच राहतात असं धरलं, तर एक गेम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरासरी १४ वर्षं. हातात तीनच ठेवले आणि महिन्याला एक संपवला तर तीन महिने.

हा नियम स्थिर रांगेचा आहे, आणि माझी रांग स्थिर नाही. गेल्या वर्षी आले ४६, संपले ५. अशा रांगेला शास्त्रात काय म्हणतात ते बाजूला ठेवू, घरात तिला आरंभशूरपणा म्हणतात.

१८ जानेवारी

लांब गेम म्हणून विचर ३ उघडला. दोन वर्षांपूर्वी स्केलिगेच्या बेटांवर सोडला होता. का सोडला ते आठवत नाही. आवडत होता एवढं पक्कं आठवतं.

सेव्ह (साठवलेला खेळ) लोड होताना डँडेलियन या गेममधल्या कवीच्या आवाजात 'आतापर्यंत काय झालं' ऐकू येतं. कथेचा धागा मिनिटभरात सापडला. पण हाताला काहीच आठवेना. क्वेनचं कवच कुठल्या बटणावर? बाजूला सरकायचं कसं, लोळण कशी घ्यायची? किनाऱ्यावरच्या तीन ड्राउनर राक्षसांनी मला दोनदा मारलं, आणि हे ड्राउनर म्हणजे या गेममधले अगदी पहिलीतले विद्यार्थी. क्वेस्टची, म्हणजे कामगिऱ्यांची, यादी उघडली तर तीसेक नावं. त्यातली कुठली मी स्वतःहून घेतली होती आणि कुठली वाटेत चिकटली, पत्ता नाही. सामानात चौदा तलवारी. त्या कशासाठी जपल्या होत्या?

चाळीस मिनिटांनी बंद केला. नव्याने सुरू करावा असं मनात आलं. मग त्याआधी घातलेले तास पाहिले: ४४. नाही.

२६ जानेवारी

लहान गेमचा आठवडा. पोर्टल संपवला, जर्नी संपवला (दोन तास, एका बैठकीत), अ शॉर्ट हाइकसुद्धा. तीन ओळी हिरव्या झाल्या. बरं वाटलं. जर्नीच्या शेवटी तर जरा वेळ नुसती बसून राहिले.

मग शीटमध्ये तासांनुसार चढत्या क्रमाने लावून पुढचे तीन लहान शोधायला लागले, आणि तेव्हा स्वतःचाच संशय आला. हे गेम मी खेळायचे म्हणून खेळतेय की आकडा खाली जातो म्हणून? जर्नीच्या बाबतीत उत्तर चांगलं होतं. चौथ्या गेमच्या बाबतीत नव्हतं. त्याचं नाव लिहीत नाही, बिचाऱ्याची चूक नाही.

१ फेब्रुवारी

आजचं काम महत्त्वाचं निघालं. ७१ अर्धवट गेम एकेक करून घेतले आणि प्रत्येकापुढे 'का थांबले' ते दोन शब्दांत लिहिलं. आठवेल तसं, प्रामाणिकपणे.

आवडला नाही: १४.
अडकले, म्हणजे बॉस (वाटेतला मोठा शत्रू) हरेना किंवा कोडं सुटेना: ११.
मध्येच दुसरा नवा गेम आला: १३.
आयुष्य मध्ये आलं, म्हणजे काम, आजारपण, प्रवास, पाहुणे: ३३.

मी जानेवारीभर समजत होते की घोडं खरेदीपाशी पेंड खातंय. अर्धवट ढिगाचं तसं नाही. शेवटच्या दोन गटांतले मिळून ४६ गेम मला आवडत असताना सुटलेत. आठवडाभराचा खंड पडला, मग परत जायचा कंटाळा आला, मग महिना गेला. आणि महिन्यानंतर परत जाणं म्हणजे १८ जानेवारीची संध्याकाळ. नवा गेम निदान बटणं शिकवतो. जुना सेव्ह तुम्हाला सगळं येतं असं धरून चालतो. म्हणून हात नव्याकडे जातो.

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं की पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हे दर वेळी दिसलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर अर्धवट आहे एवढंच लक्षात राहतं. कुठे अर्धवट आहे ते पार पुसलं जातं. टोचणी राहते, पत्ता हरवतो.

३ फेब्रुवारी

नवा नियम: चिठ्ठी. खेळ थांबवताना, कंट्रोलर खाली ठेवायच्या आधी तीन ओळी. कुठे आहे. पुढे काय करणार होते. हाताला काय आठवायला हवं. कागदावरच, कारण शीट उघडली की मी रंग भरायला लागते.

पहिली चिठ्ठी हॉलो नाइटची (२०१७). या गेमला चिठ्ठीची गरज सगळ्यात जास्त असावी. नकाशा विकत घ्यावा लागतो, तोही नकाशे विकणारा कॉर्निफर त्या भागात कुठे बसलाय ते शोधून. नवी जागा नकाशावर चढते ती बाकावर बसल्यावरच. कुठे जायचं हे कुणीही सांगत नाही. मेलात तर पैसे जिथे मेलात तिथे राहतात आणि ते परत घ्यायला तिथेच जावं लागतं. पंधरा दिवसांच्या खंडानंतर असा गेम उघडणं म्हणजे अंधारात दुसऱ्याच्या घरात स्विच शोधणं.

चिठ्ठी: "बुरशीचा भाग, मॅन्टिस गावाच्या वरचा बाक. मॅन्टिस लॉर्ड्सकडे (इथले बॉस) सहा वेळा मेले. तिसऱ्या हल्ल्यात उडी मारायची नाही, खाली डॅश. घाईत बरं व्हायला जाते तिथे मरते."

१५ फेब्रुवारी

न आवडलेल्या १४ चा निकाल लावला. शीटमध्ये 'सोडला' असा नवा रंग, आणि प्रत्येकापुढे कारण लिहिणं सक्तीचं. कारण लिहिता आलं नाही तर सोडायचा नाही. हे इतके दिवस नुसतं भिजत घोंगडं होतं.

सर्वात जड गेला रेड डेड रिडेम्प्शन २. लोक त्याच्यावर जीव टाकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण कपाट उघडून एकेक डबा उचलताना बघणं, घोड्यावर बसून दहा मिनिटं जाणं आणि मग गप्पा मारत परत येणं, हे माझ्याच्याने तीनदा झालं नाही. कारण लिहिलं: "गेम चांगला आहे, माझा नाही." स्टीमच्या लायब्ररीत गेम लपवायची सोय आहे, ती चौदांपैकी नऊंना लावली. खात्यातून कायमचा काढताही येतो, पण तेवढा राग कुणावर नाही.

नऊ नावं नजरेआड झाल्यावर लायब्ररी उघडताना खांदे सैल पडतात. हे अपेक्षित नव्हतं.

२२ फेब्रुवारी

'अडकले' गटातला पहिला: सेलेस्ट, डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम. सातव्या प्रकरणात, शिखराच्या अलीकडे. या गेममध्ये असिस्ट मोड आहे. वेग कमी करता येतो, दम संपणार नाही असं करता येतं, मरणच बंद करता येतं. मी वेग ८० टक्के केला, बाकी काही नाही. दोन संध्याकाळींत शिखर गाठलं.

हिरवा रंग द्यायचा का, यावर दहा मिनिटं घातली. दिला. त्या मुलीला डोंगर चढायचा होता आणि ती चढली. चढताना तिने किती वेगाने श्वास घेतला ते मी ठरवलं, एवढंच.

८ मार्च

आउटर वाइल्ड्स. चिठ्ठी लागलीच नाही. तुम्हाला जे कळलं ते यानातली नोंदवही स्वतः लिहून ठेवते, धाग्यांनी जोडते, आणि कुठल्या जागी अजून बघायचं राहिलंय तेही दाखवते. बारा दिवसांनी उघडला आणि पाच मिनिटांत कामाला लागले. असा कागद सगळ्याच गेमनी द्यायला काय हरकत आहे? गेम कशाबद्दल आहे ते लिहीत नाही, कारण लिहिलं की तो वाचणाऱ्याचा गेला.

१७ मार्च

स्प्रिंग सेल. ये रे माझ्या मागल्या. चार घेतले.

१९ मार्च

दोन परत केले. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून आता रीत अशी: घेतला तर त्याच आठवड्यात तास-दीड तास खेळायचा, आणि पहिल्या दीड तासात 'उद्या परत उघडीन' असं वाटलं नाही तर परत. 'पुढे कधीतरी'साठी विशलिस्ट आहे. तिथला ढीग फुकट असतो, आणि सवलत लागली की निरोप आपोआप येतो. सवलत निसटण्याची भीती हीच माझ्या गेल्या वर्षीच्या ४६ पैकी बऱ्याच खरेद्यांची जननी. पण सेल वर्षातून अनेकदा येतात आणि किंमत बहुतेक वेळा पुढे आणखी उतरते.

याला अपवाद नाशवंत मालाचा. २०१४ चा द क्रू सर्व्हरशिवाय चालत नव्हता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेमही उघडेनासा झाला. माझ्या न उघडलेल्यांत नेटशिवाय न चालणारे दोन निघाले. त्यांना रांगेत पुढे आणलं. वर्गणीवर मिळणाऱ्या गेमचंही तेच, आज यादीत आहे तो पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.

२९ मार्च

पैसे मोजून घेतलेले जास्त संपतात का, ते पाहिलं. फुकटच्या ६६ पैकी संपले २. पूर्ण किमतीला घेतलेल्या २९ पैकी १७.

आर्क्स आणि ब्लूमर यांचा १९८५ चा एक प्रयोग आहे. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत दिली, कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवून. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण किंमतवाले जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या सहामाहीत फरक जवळजवळ विरला. भरलेल्या पैशांची पकड सैल होते तर.

माझा आकडा मात्र त्याचा पुरावा होत नाही. पूर्ण किंमत मी त्याच गेमला देते ज्याची वाट बघत असते, तेव्हा तो संपणारच. चिठ्ठ्या टाकून गेम घेतले असते तर काही बोलता आलं असतं. तरी एक निर्णय घेतला: न उघडलेल्या ५९ फुकट गेमना शीटमधून काढलं. मी ते कधी निवडलेच नव्हते. गुरुवारचं बटणही बंद.

१२ एप्रिल

आठवडाभर बाहेर होते. आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुझी चिठ्ठी वाचून मॅन्टिस लॉर्ड्सना मीच हरवलं. तिसऱ्या हल्ल्यात खाली डॅश, बरोबर लिहिलंयस अगदी."

"माझ्या सेव्हवर?"

"मग कुठे? चिठ्ठी त्याच सेव्हची होती ना?"

हे त्याने इतक्या निरागसपणे विचारलं की ओरडताही येईना. स्टारड्यूच्या बाहेर न पडणारा मुलगा माझ्या तीन ओळींवर विसंबून माझा बॉस मारतो. चिठ्ठी उत्तम आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. फक्त तो असा नको होता.

१३ एप्रिल

उघडून पाहिलं. लॉर्ड्सना हरवलं की त्या गावातले मॅन्टिस हल्ला करायचे थांबतात आणि तुम्ही जवळून गेलात की वाकून मान देतात. आता ते सगळे माझ्यापुढे वाकतात, आणि मी त्यांना हरवलेलंच नाही. त्या गावातून चालताना कानशिलं तापली.

दुसऱ्या सेव्हच्या जागेवर पहिल्यापासून सुरू केला. हो, तीनच्या मर्यादेत राहून, जुन्याच्या जागी. शीटच्या हिशोबाने हा शुद्ध तोटा आहे: अकरा तास पाण्यात. पण या वेळी हाताला रस्ते माहीत आहेत.

१९ एप्रिल

मॅन्टिस लॉर्ड्स. चौथ्या प्रयत्नात. मी.

भाऊ म्हणे, "मला सहा लागले होते." त्याला स्वतःची सेव्ह जागा काढून दिली. चारपैकी दोन अजून रिकाम्या आहेत, म्हटलं, तिथे काय ते कर.

३ मे

विचर ३ कडे परत. या वेळी वेगळी रीत: पहिली संध्याकाळ नुसत्या सरावाची, पुढे एक पाऊलही टाकायचं नाही. स्केलिगे सोडून थेट व्हाइट ऑर्चर्डला गेले, जिथून गेम सुरू होतो. तिथली भुतंबितं माझ्या पातळीपुढे किरकोळ. तासभर फक्त सरकणं, लोळण, क्वेन, आणि पुन्हा तेच. घोडा पळवला. चौदातल्या बारा तलवारी विकल्या.

दुसऱ्या संध्याकाळी क्वेस्टची यादी घेऊन बसले. तीसेकमधली मुख्य कथेची एक आणि ज्या माणसांची मला काळजी वाटते अशा दोन ठेवायच्या ठरवल्या. बाकीच्या यादीत राहतील, माझ्या डोक्यात नाही.

मग बेटांवर परतले. त्याच किनाऱ्यावर तेच ड्राउनर होते. असो.

२४ मे

शीट तीन आठवडे उघडली नव्हती, हे आज उघडल्यावर कळलं. जानेवारीपासून आलेले ६, संपलेले ११, सोडलेले १९. 'का थांबले' हा रकाना ठेवला, प्राधान्याचा उडवला. प्राधान्य १ दिलेल्या आठांपैकी एकालाही मी हात लावलेला नाही. जे खेळले ते सगळे ३ आणि ४ वाले.

७ जून

पंधरा दिवस बाहेर जायचंय, कन्सोल इथेच राहणार. चिठ्ठी कंट्रोलरखाली ठेवली आहे:

"विचर. काएर ट्रोल्डेचं बंदर. ह्यालमारला शोधायला उंडविक बेटावर जायचं, होडी धक्क्यावर आहे. क्वेन आर-टू वर. सरकणं गोल बटण, लोळण फुलीचं. लोळण जास्त घेतेस, कमी कर. नकाशावर समुद्रात दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांना हात लावायचा नाही, सगळीकडे तेच पिंप असतं. भावा, तूसुद्धा हात लावायचा नाही."